अण्णा, काय दाबलंत?

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर जमवलेल्या नोंदी मी एका दुपारी पुसून टाकल्या आणि तो दोष त्यांच्याच माथी राहू दिला. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे लिहिता लिहिता मी ते मऊ करत जाईन. माझी सवय मला ठाऊक आहे.

भावाला आम्ही अण्णा म्हणतो. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी देवणी आणि उदगीरच्या आसपास गेली. ते डॉक्टर नव्हते, पण त्या भागात त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. मोटारसायकलच्या मागे कृत्रिम रेतनासाठी लागणारी नायट्रोजनची टाकी बांधून ते खेड्याखेड्यांत फिरायचे. कुणाची गाय माजावर आली, कुणाची अडली, कुणाच्या गोऱ्ह्याला लाळ्या झाला, सगळीकडे अण्णाच. आणि जिथे जातील तिथे खिशातल्या छोट्या डायरीत लिहायचे. सरकारी रजिस्टर वेगळं होतं. ही डायरी त्यांची स्वतःची.

तिच्यात देवणी जातीच्या जनावरांची घराणी होती. अमक्या गावच्या अमक्याची गाय, तिची आई कोण, बाप कुठला वळू, अंगावरचे ठिपके कसे, वशिंड केवढं, स्वभाव कसा. ज्यांना गुरांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, देवणीत तीन रंग मानतात. सबंध पांढरा तो बालंक्या, तोंडाच्या बाजूला काळा तो वानेरा आणि अंगभर काळे ठिपके असलेला शेवेरा. अण्णा म्हणायचे, हे तीन रंग म्हणजे नुसती पाटी आहे, खरा माल आत आहे. तो आतला माल म्हाताऱ्या गुराख्यांच्या तोंडी होता आणि अण्णा तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचे. एक नोंद मला पाठ आहे, कारण त्यांनी ती मला फोनवर वाचून दाखवली होती: ‘हिची माय लई गुणाची, पर उजव्या हाताला कुनी बसलं का लाथ मारायची. हिनं बी तेच घेतलंय.’

निवृत्त झाल्यावर ते लातूरला राहायला आले आणि डायऱ्या टाइप करायला बसले. संगणक मीच घेऊन दिला. मी नांदेडला एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. विषयाचा संगणकाशी संबंध येतो म्हणून प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आली आणि त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात ‘त्याला मशीनमधलं कळतं’ अशी माझी ख्याती झाली. ती मला आवडायची. लग्नकार्यात कुणीतरी मोबाइल पुढे करून ‘बघा हो सर जरा’ म्हटलं की मी जेवण सोडून बघायचो.

अण्णांनी सहा वर्षं टाइप केलं. दोन बोटांनी. रोज चार ते सहा, दुपारची झोप झाल्यावर. त्याआधी संगणक चालू करायचा नाही आणि काम संपलं की नुसता संगणक नाही, भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करायचं, हा त्यांचा नियम. घरातला पंखासुद्धा ते तसाच भिंतीवरून बंद करतात. शिवाय महिन्यातून दोन-तीनदा मोटारसायकल काढून देवणीकडे जायचे, जुन्या गुराख्यांना भेटायचे, जनावरांचे फोटो काढायचे, नवं सांगितलेलं येऊन थेट संगणकावर उतरवायचे.

एका दिवाळीत मी लातूरला गेलो असताना वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, याच्यात एवढं सगळं घालून ठेवलंय, आन् हे मशीन बंद पडलं तर?’ प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. अण्णांच्या संगणकावरचं ‘देवणी’ नावाचं फोल्डर आणि माझ्या लॅपटॉपवरचं एक फोल्डर मी एकमेकांशी जोडून दिलं. सिंक म्हणतात त्याला. लातूरला अण्णांनी एक ओळ लिहिली की इंटरनेटवरच्या मधल्या एका सर्व्हरमार्फत ती नांदेडला माझ्याकडे यायची. मी बदल केला तर तो त्यांच्याकडे जायचा. दोन्हीकडे कायम एकच मजकूर.

अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी विचारलं, ‘म्हंजे एकच गाय दोन दावणीला?’

‘तसंच समजा.’

‘मग खरी कुठली?’

‘दोन्ही खऱ्या.’

‘तसं कसं आसंल?’ ते हसले. मग थोडा वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘बरं, इथली मेली तर तिथली राहील ना?’

‘राहील की. म्हणून तर करायलो.’

हे अर्धंच खरं होतं. एक संगणक जळाला, चोरीला गेला, तर दुसऱ्यावरचं राहतं. पण एकावरचं कुणी हाताने खोडलं, तर तेही बदलच समजून ते दुसऱ्यावरूनही खोडलं जातं. हे मला माहीत होतं. वर्गात मी मुलांना शिकवलंय. त्या प्रोग्रॅममध्ये खोडलेल्या फायली काही दिवस बाजूला जपून ठेवायची सोयही होती, एका चौकोनात खूण करायची एवढंच. ती खूण मी काढून टाकली. अण्णांचे फोटो भारी होते आणि माझ्या लॅपटॉपवर जागा कमी होती. ‘खोडणार कोण आहे?’ असं मनात म्हणाल्याचं मला आठवतं.

त्याच दिवाळीत मी आणखी एक केलं. वहिनींना कपाट मोकळं हवं होतं. खालच्या दोन कप्प्यांत टाइप करून झालेल्या डायऱ्या होत्या, तेलकट झालेल्या, शेणाचा आणि औषधांचा वास लागलेल्या. अण्णा त्या टाकायला तयार नव्हते. मी म्हटलं, ‘अण्णा, आता दोन गावांत दोन मशीनवर आहे सगळं. कागदाला वाळवी लागते, याला लागत नाही.’ ते माझ्याकडे बघत राहिले. मशीनमधलं कळणारा मी होतो. दुसऱ्या दिवशी डायऱ्या रद्दीत गेल्या. गोणी उचलायला मीच हात लावला.

पुढे दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. कधी मी वर्गाआधी ते फोल्डर उघडून बघायचो, आदल्या दिवशी अण्णांनी काय लिहिलं ते. गाई आणि वळू, आणि मध्येच एखाद्या गुराख्याचं वाक्य. मला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण दिवसाची सुरुवात बरी व्हायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ज्या दुपारबद्दल लिहायचं आहे तिच्या आठ दिवस आधी लातूरला पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. पुतण्या, म्हणजे अण्णांचा मुलगा, पुण्याला असतो, पण बारसं लातूरला केलं. सुनेकडची मंडळी आली होती. जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या आणि मी अण्णांची एक गंमत सांगितली. कुठलीशी बटणं एकदम दाबली गेल्याने त्यांची स्क्रीन आडवी झाली होती आणि फोनवर मी दुरुस्ती सांगेपर्यंत ते मान तिरपी करून तासभर टाइप करत होते. सगळे हसले. मला जोर चढला. मी म्हटलं, ‘वहिनी, एक नियमच करून टाका. अण्णांनी मशीनला हात लावायच्या आधी मला फोन करायचा.’ पुतण्या म्हणाला, ‘काका, त्यापेक्षा अण्णांनाच लॉक टाका.’ पुन्हा हशा. अण्णाही हसले. सुनेच्या वडिलांना पान देत म्हणाले, ‘आम्ही मुक्या जनावरांतले. बोलणारं मशीन आम्हाला कसं जमावं?’

त्यानंतरच्या शनिवारी मी नांदेडला कॉलेजात होतो. दोन दिवसांनी मूल्यांकन समिती येणार होती, सगळ्या विभागांची धावपळ चालली होती. प्राचार्यांनी आमच्या विभागाची चित्रफीत मागितली होती आणि ती माझ्या लॅपटॉपवर मावत नव्हती. जागा नाही, असा संदेश सारखा येत होता. दुपारचे तीन वाजत आले होते. शिपाई दोनदा निरोप घेऊन आला, ‘सर, साहेब बोलावायलेत.’ मी कुठलं फोल्डर किती मोठं आहे ते बघितलं. सगळ्यात मोठं अण्णांचं होतं. मनात आलं, हे तर लातूरला आहेच. ही आपल्याकडची नुसती नक्कल. मी ते सगळं निवडलं आणि डिलीट केलं. जागा मोकळी झाली नाही म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. चित्रफीत उतरवली, प्राचार्यांकडे गेलो, ते खूश झाले.

परत येऊन बसलो तर स्क्रीनच्या कोपऱ्यात सिंकच्या प्रोग्रॅमची छोटी खिडकी होती. तिच्यात लिहिलं होतं की सर्व्हरवरचे बदल पूर्ण झाले आहेत, दुसरा संगणक बंद आहे, तो चालू होताच तिथेही बदल होतील.

मी लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं, पण आता माझ्याकडून तोडून उपयोग नव्हता. निरोप माझ्याकडून निघून मधल्या सर्व्हरवर जाऊन बसला होता. सर्व्हरवरून परत मिळतं का ते मोबाइलवर बघितलं. खोडलेलं परत देण्याची सोय त्या फुकटच्या खात्यात नव्हती. म्हणजे त्या नोंदी आता जगात एकाच ठिकाणी होत्या, लातूरच्या घरात, बंद असलेल्या एका संगणकात. अण्णा झोपले होते. चार वाजता ते उठणार, चहा घेणार आणि भिंतीवरचं बटण दाबणार.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

पाऊण तास माझ्या हातात होता. या पाऊण तासाचा हिशोब मी कुणाला दिलेला नाही. मी फोन केला नाही. त्याऐवजी मी शोधत बसलो, काही युक्ती आहे का, कुणाला न सांगता हे फिरवता येतं का. नव्हतं. दहा मिनिटांपूर्वीच कळलं होतं की नाही, तरी शोधत होतो. प्रत्येक वेळी फोन हातात घेतला की बारशाच्या दिवशीची ती बैठक डोळ्यांपुढे यायची आणि माझाच आवाज ऐकू यायचा. वहिनी शेजारी असतील. अण्णा मोठ्याने बोलतात, त्यांना सगळं कळेल. संध्याकाळपर्यंत पुण्याला कळेल. काकांनीच खोडलं म्हणे. एवढीच भीती होती. इतकी लहान.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी फोन लावला. वाक्य तयार होतं: अण्णा, मशीन चालू करू नका, मागची वायर काढा. आठ शब्द.

‘बोला साहेब,’ अण्णा म्हणाले. आवाजात झोप होती आणि खुशीही. ‘आज कशी आठवण केली?’

‘काही नाही. सहजच.’

‘समिती आली का तुमची?’

‘सोमवारी.’

‘मग आज घरी जाऊन आराम कर की. का बसलास तिथं?’

‘तुम्हीपण आज आराम करा ना, अण्णा. आज राहू द्या ते टायपिंग.’

‘का रे?’

इथे मला सांगायला जागा होती. त्यांनी सरळ विचारलं होतं, का. मी म्हणालो, ‘ऊन फार आहे.’

‘घरात कुठलं आलंय ऊन?’ ते हसले. ‘आज शेवेऱ्याचं प्रकरण संपवायचंय मला. परवा मुरुडच्या बाजारात एक म्हातारा भेटला, लई जुनं सांगितलं त्यानं. विसरायच्या आत घालतो.’ मग आत वळून, ‘चहा इकडंच दे गं.’

मागून वहिनींचा आवाज आला, ‘भावजी आहेत का? त्यांना विचारा कधी येयलेत.’

आणि मग भिंतीवरचं बटण खट्ट वाजलं. इन्व्हर्टरची शिट्टी झाली. संगणकाचा पंखा फिरायला लागल्याचा आवाज फोनमधून मला स्पष्ट आला. तरी वेळ होता. फायली एकदम जात नाहीत, सुरू व्हायलाच दोन-चार मिनिटं लागतात. नुसतं ‘वायर काढा’ म्हटलं असतं तरी अर्धं अधिक वाचलं असतं.

‘सुरू व्हायलंय,’ अण्णा म्हणाले. ‘ठेवू का?’

‘ठेवा,’ मी म्हणालो.

वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता, हळू, वहिनींना ऐकू जाऊ नये असा. ‘अरे, इथं काहीच न्हाई. फोल्डर हाय, पर आत काही न्हाई. फोटो बी न्हाईत. माझ्याकडनं काही झालं का?’

आणि मी म्हणालो, ‘अण्णा, काय दाबलंत?’

नीट पाहिलं तर मी खोटं बोललो नव्हतो. नुसता प्रश्न विचारला होता. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच समजावत राहिलो.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेलो. संगणकासमोर बसून खूप वेळ काहीतरी बघितल्यासारखं केलं. खरं म्हणजे मी त्या प्रोग्रॅमची नोंदवही पुसत होतो, जिच्यात खोडण्याचा हुकूम कुठून आणि किती वाजता आला ते लिहिलेलं असतं. अण्णा मागे उभे होते. मी म्हटलं, ‘इथूनच डिलीट झालंय. तुमच्याकडं डिलीट झालं म्हणून माझ्याकडचंही गेलं. सिंक तसंच असतं.’ ते म्हणाले, ‘माझ्यामुळं तुझ्याकडचं बी गेलं का?’ आणि त्यांचा चेहरा पडला. वहिनींना म्हणाले, ‘त्याच्या मशीनचं बी नुकसान केलं मी.’

डिस्क मी नांदेडला घेऊन आलो, एका दुकानात दिली. काही फोटो परत मिळाले. त्यातले बरेच अर्धे, वरच्या भागात गाईचं तोंड आणि खाली राखाडी पट्टा. मजकूर आला नाही. अण्णांनी आठवून लिहायचा प्रयत्न केला. पण गुराख्यांचे शब्द त्यांना जसेच्या तसे हवे होते, ते येईनात. सांगणारे बरेच जण आता राहिले नव्हते. एक दिवस त्यांनी संगणकावर कापड घातलं.

नोंदी गेल्या, एवढंच झालं असतं तर मला वाटतं मी हे लिहिलं नसतं. माणूस चुकतो. पण त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं, त्याचा विचार मी केला नव्हता. वहिनी अण्णांवर लक्ष ठेवायला लागल्या. एकदा दूध उतू गेलं. एकदा बँकेत सही जुळली नाही. एकदा मुदखेडच्या पाहुण्यांच्या लग्नाची तारीख त्यांनी चुकीची सांगितली. एरवी कुणाच्याही घरात होतं तेवढंच, पण आता एकेक गोष्ट बाजूला काढून ठेवली जायची. वहिनी फोनवर मला यादी सांगायच्या. ‘त्या फायलींपासून सुरू झालंय बघा हे.’ आणि मी म्हणायचो, ‘वय झालं की होतं असं.’ हे मी म्हणायचो. अण्णा सदुसष्ट वर्षांचे होते.

पुतण्याने त्यांना पुण्याला नेलं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, विसरायला होतं का? अण्णांनी स्वतःच फायलींचं सांगितलं, मी एवढं मोठं काम पुसून टाकलं आणि कसं ते मला आठवतसुद्धा नाही. सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की ते सुस्त व्हायचे. मोटारसायकलची किल्ली वहिनींच्या कपाटात गेली. मला हे सगळं टप्प्याटप्प्याने कळत होतं आणि प्रत्येक टप्प्यावर मी म्हणत होतो, आता सांगायला हवं, आणि प्रत्येक टप्प्यावर सांगणं आधीपेक्षा अवघड झालेलं असायचं.

दीड वर्ष असंच गेलं. मग देवणीकडच्या एका गावातल्या जनावरांच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. दरवर्षी अण्णा तिथे परीक्षक असायचे. रिंगणात उभं राहून जनावराच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की त्याचं घराणं सांगणारा माणूस म्हणून त्यांना बोलवायचे. या वर्षी अण्णांनी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं. वहिनींनी मला सांगितलं, जरा समाधानानेच, की स्वतःच समजून घेतलं त्यांनी. आयोजकांना म्हणाले म्हणे, ‘माझ्या डोक्याचा आता भरवसा न्हाई. एखाद्याच्या चांगल्या जनावराचं माझ्यामुळं वाईट व्हायचं.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी लोहा, अहमदपूर करत लातूरला गेलो. वाटेत मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीही बोललो नाही. पुढच्या खोलीत अण्णा एकटे बसले होते. मी समोर बसलो आणि म्हटलं, ‘अण्णा, ते मी खोडलं होतं. माझ्या लॅपटॉपवरून. तुम्ही काहीच केलं नव्हतं.’

 त्यांनी अगदी कामाचा प्रश्न विचारला, पूर्वी दवाखान्यात जनावर आणणाऱ्याला विचारायचे तसा. ‘म्हंजे मी चार वाजता चालू केलं, तवा गेलं?’

‘हो.’

‘तू फोनवर होतास तवा.’

‘हो.’

‘तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘ऊन फार हाय म्हणलास,’ अण्णा म्हणाले. त्यांना तो शब्द न् शब्द आठवत होता.

मी रडायला लागलो. त्यांनी मला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. मग म्हणाले, ‘फायली गेल्या, जाऊ दे. जनावरं बी जातात. पर मी दीड वर्ष आठवायलोय रे, कुठलं बटण दाबलं म्हणून. रोज आठवायचो. हात कुठं होता, काय दिसलं. आठवंना. आठवंना म्हणूनच मी मानलं, आपलं डोकं गेलं. डॉक्टरला बी तेच सांगितलं. न दाबलेलं बटण कसं आठवंल?’

मी डोळे पुसले.

‘तिला सांग,’ ते म्हणाले. ‘माझ्यासमोर सांग. आत्ता.’ आणि त्यांनी वहिनींना हाक मारली.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या, खुर्चीच्या कडेला बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. समिती, जागा, फोन, नंतरचा खोटेपणा, काही वगळलं नाही. अण्णा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. दीड वर्षात पहिल्यांदाच ते ताठ बसले होते. वहिनी मान हलवत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘तुमचा किती जीव हाय यांच्यावर, मला का ठाऊक न्हाई? प्रदर्शनाचं ऐकून धावत आलात. पर असं स्वतःवर घेऊन काय होणार?’

‘वहिनी, मी घेत नाहीये. खरंच मीच केलं.’

‘बरं.’

‘बरं काय? खरं सांगतोय.’

‘मग दूध? बँकेतली सही? ती बी तुम्हीच केली का?’ त्यांनी हे रागाने विचारलं नाही, समजुतीने विचारलं.

अण्णा म्हणाले, ‘सही चुकली कारण हात कापायला लागला होता. चुकंल, चुकंल म्हणून भ्या वाटायलं होतं मला.’

‘तुम्ही नका बोलू. त्रास होईल परत.’

मी पुन्हा सगळं सांगितलं, वेळेसकट. त्या म्हणाल्या, तुम्हीच तर त्या रविवारी बघून सांगितलं होतं, इथूनच डिलीट झालंय म्हणून. मी म्हटलं, ते खोटं होतं. त्या म्हणाल्या, तवा खोटं बोलायचं तुम्हाला काय कारण? यावर मी जे कारण सांगितलं, बारशाचं, लाज वाटल्याचं, ते मोठ्याने सांगताना मलाच इतकं किरकोळ वाटलं की त्यांना पटलं नाही यात नवल नव्हतं. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. नोंदवही मी माझ्या हाताने पुसली होती. तो लॅपटॉपही बदलून झाला होता. पुतण्याला फोन लावला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘काका, तुमचा हेतू समजला. पण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळ्या बंद करायला सांगू नका त्यांना.’

संध्याकाळ झाली होती. वहिनी आत जाऊन गोळ्यांची डबी आणि पाणी घेऊन आल्या. अण्णांनी हात पुढे केला नाही. वहिनींनीच तो धरून उघडला आणि तळव्यावर गोळ्या ठेवल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘असा भाऊ असावा माणसाला.’

अण्णा माझ्याकडे बघत होते. ‘सांग अजून एकदा,’ ते म्हणाले.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. वहिनी ‘हाव, हाव’ म्हणत उभ्या राहिल्या, अण्णांनी गोळ्या तोंडात टाकेपर्यंत.